टपाल तिकिटांचा छंद ऑटिस्टिक माणसांपर्यंत कसा न्यावा: मुंबईत, संस्थांची वाट न पाहता

विशेष शाळेला किंवा थेरपी केंद्राला पत्र लिहिलं, की बहुधा विचारतात, ‘यातून कुठलं उद्दिष्ट साध्य होईल?’ किंवा उत्तरच येत नाही. तिकीट संग्राहकांची मंडळं ‘सगळ्यांचं स्वागत आहे’ म्हणतात, पण बैठकीतल्या गलक्यात फरक पडत नाही. त्यामुळे संस्थेपासून सुरुवात करू नका. दोन-तीन घरं, एक टेबल आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस एवढ्यावर काम सुरू होतं.

हा छंद थेरपी म्हणूनही पुढे करू नका. चिमटा धरून बोटांना सराव होत असेलही, पण एकदा का त्या नावाने सुरुवात झाली की प्रगती मोजणारं कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि तिकिटं बाजूला पडतात. ऑटिस्टिक माणसालाही निव्वळ आवडतं म्हणून काही करायचा हक्क आहे. वर्गवारी, पूर्ण होणाऱ्या याद्या, नखाएवढे फरक आणि न बोलता तासभर रमता येणं, हे सगळं या छंदात आधीपासूनच आहे.

आधी आवड विचारा

‘तिकिटं आवडतात का?’ हा प्रश्न कामाचा नाही. सध्या कशात रमता, ते विचारा आणि त्या विषयाची दहा तिकिटं घेऊन जा. लोकलच्या वेळापत्रकात रमणाऱ्यासाठी १६ एप्रिल १९५३ चं दोन आण्यांचं तिकीट आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. नकाशे आवडणाऱ्याला १ एप्रिल १९५७ पासूनची भारताच्या नकाशाची मालिका द्या. दशमान नाणी आली त्या दिवशीच ती निघाली, म्हणून किंमत ‘नये पैसे’ मध्ये आहे.

बारीक फरक टिपणाऱ्याला याच मालिकेत आणखी काम मिळतं. सुरुवातीच्या छपाईच्या कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण) आहे, पुढच्या छपाईत अशोकस्तंभाच्या शीर्षाचं. समोरून दोन्ही सारखीच. १९४९ च्या मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीटही असंच. चित्र आधी उलटं, आरशातल्यासारखं छापलं गेलं आणि १९५० मध्ये सुधारून पुन्हा निघालं. दोन्ही शेजारी ठेवा आणि फरक सांगू नका. शोधू द्या.

याद्या देताना एक सांभाळा. १५ ऑगस्ट १९४९ च्या मालिकेत १६ तिकिटं आहेत, पण रुपयांच्या किमतीची महाग पडतात, १५ रुपयांचं तर फारच. सोळा चौकोनांचा तक्ता दिलात तर पाच चौकोन वर्षानुवर्षं रिकामे राहतील, आणि रिकामा चौकोन काहींना सहन होत नाही. म्हणून तक्ता ‘३ पै ते १२ आणे, ११ तिकिटं’ असाच आखा. ही वापरलेली तिकिटं स्वस्तात मिळतात. ९ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती आहे, ६ आण्यांवर विजापूरचा गोल घुमट. मुंबई जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) घुमट त्याच धर्तीवर बांधलेला आहे, तेव्हा जीपीओला जाताना ते तिकीट खिशात असू द्या.

टेबल आणि निमंत्रण

चार जणांसाठी: टोकाला चपटे आणि रुंद असलेले चार चिमटे (टोकदार नकोत, तिकिटं फाटतात), काळ्या पानांची चार छोटी स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वह्या), दोन भिंगं, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची एक पट्टी, आणि कागदावर चिकटलेली मिश्र तिकिटं शंभर ग्रॅम. प्रत्येकाला वेगळा ट्रे द्या. ढीग मधोमध ठेवला की हात एकमेकांना लागतात आणि तिथूनच बिनसतं. खुर्च्या समोरासमोर न मांडता शेजारी-शेजारी मांडा. ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर बंद करून टेबललॅम्प लावा. उदबत्ती नको, अत्तर नको. तोंडात वस्तू घालायची सवय असेल तर सुटी तिकिटं देऊ नका. आवरणाखाली बसवलेलं पान द्या.

निमंत्रण दोन ओळींचं नको. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं, किती पायऱ्या आहेत, लिफ्ट आहे का, दार कसं दिसतं (फोटो), कोण कोण असेल, किती वाजता संपेल, हे सगळं लिहा. ‘मध्येच उठून गेलं तर कुणी काही विचारणार नाही’ हे वाक्य त्यात हवंच. आणि ते पाळा.

दिवस शनिवार दुपारचा बरा. रविवारी मेगाब्लॉक असला की पाठ केलेलं वेळापत्रक कोलमडतं. रविवारच घ्यावा लागला तर ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून कळवा. दहीहंडी आणि गणपतीचे दिवस सोडून द्या.

बैठकीत ओळखपरेड नको, बक्षीस नको, ‘कुणाची किती झाली’ नको. न बोलणाऱ्यांसाठी चार कार्डं ठेवा: ‘हे हवं’, ‘नको’, ‘अदलाबदल’, ‘थांबा’. चाळिशीच्या माणसाला ‘किती हुशार आहे रे’ म्हणू नका, अहो-जाहोच करा. आई किंवा बाबा हातातला चिमटा घेऊन काम पुरं करू लागले तर त्यांना स्वतंत्र ट्रे द्या. हमखास उपाय आहे. कुणी अर्धा तास फक्त इंजिनांबद्दल बोललं तर ऐका. संग्राहक एकमेकांशी हेच बोलतात.

तिकीट सोडवणं

पाकिटाचा तुकडा तिकिटाभोवती सेंटिमीटरभर जागा सोडून कापा. लग्नपत्रिकांची लाल-हिरवी पाकिटं वेगळी भिजवा, रंग उतरतो आणि सगळा घाणा बिघडतो. कोमट पाण्यात चित्र वर करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तिकीट आपोआप सरकलं पाहिजे. ओढलं की मागचा कागद पातळ होतो आणि ते संग्रहातून बाद होतं. पाण्यात हात घालणं नकोसं वाटतं त्यांनी चिमट्याने काढावं. पालथं करून काळ्या ट्रेमध्ये ठेवलेल्या ओल्या तिकिटाचं जलचिन्ह बऱ्याचदा तेव्हाच दिसतं. जलचिन्ह बघायला बेंझिन वापरू नका. ते पेट घेतं, आणि त्याचा वास अनेकांना असह्य होतो.

मागचा डिंक स्वच्छ पाण्यात धुऊन तिकीट टीपकागदावर पालथं वाळवा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. पंखा लावायचा तर वर जाळी झाका. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागते, आणि अर्धवट ओलं तिकीट स्टॉकबुकात गेलं की तपकिरी डाग पडतात. जून ते सप्टेंबर स्टॉकबुकं उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नकोत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मागे डिंक असलेली कोरी तिकिटं या दिवसांत हाताळूच नका.

माल कुठून मिळेल? रद्दीवाल्याला सांगून ठेवा, जुनी पाकिटं वेगळी काढून देतो. पत्ते कापून टाका. पण जुन्या पोस्टकार्डावर पूर्ण शिक्का असेल तर कापू नका.

पिनकोडचे शिक्के

जवळजवळ फुकटात होणारा आणि आमच्या मते सगळ्यात चांगला प्रकल्प हाच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. मुंबईचे क्रमांक ४००००१ पासून, म्हणजे जीपीओपासून सुरू होतात. ४००००४ गिरगाव, ४०००१४ दादर पूर्व, ४०००२८ दादर पश्चिम. एकेका टपाल कार्यालयात जाऊन स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवायचं आणि शिक्के क्रमाने लावायचे.

चूक होते ती लाल पेटीपाशी. पेटीत टाकलेल्या कार्डावर बहुतेक वेळा भलत्याच कार्यालयाचा शिक्का बसतो. कार्ड खिडकीवरच द्यावं लागतं. त्यासाठी छापील चिठ्ठी करून द्या: ‘नमस्कार. मी टपाल शिक्के जमवतो. कृपया या कार्डावर आजच्या तारखेचा ठळक शिक्का मारावा. मला बोलायला त्रास होतो.’ बाईमाणूस असेल तर ‘जमवते’ करा. महिन्याचा पहिला आठवडा आणि खिडकी बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास टाळा. कुठे नकार मिळाला तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं हवं: ‘धन्यवाद’ म्हणून निघायचं, तो क्रमांक यादीत पेन्सिलने मांडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

गर्दी अजिबात नको असलेल्यांसाठी टपाल खात्याचं फिलॅटेलिक डिपॉझिट खातं आहे. आगाऊ पैसे भरले की नवी तिकिटं घरी येतात.

मग संस्थेकडे

पाच-सहा बैठका झाल्यावर पत्र लिहा, एका पानाचं. मागणी छोटी ठेवा: एक टेबल, चार खुर्च्या, महिन्यातून दीड तास, निधी नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतल्या सहभागाचा हक्क आहे, तो शांत शब्दांत नमूद करा. जागेच्या बदल्यात जाहिरातीसाठी मुलांचे फोटो मागितले तर जागा नको म्हणा. ‘आमच्या मुलांना हे जमणार नाही’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका, त्याच शाळेच्या पालकांना थेट निमंत्रण द्या.

प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे एकच गोष्ट मागा: दार सर्वांना उघडण्याआधीचा एक तास, ध्वनिक्षेपक बंद ठेवून. आपल्या गटातल्या कुणाला मांडायचं असेल तर एका फ्रेममध्ये साधारण १६ पानं बसतात, त्या बेताने चार महिने आधी तयारी सुरू करा. पानावर स्वतःचं नाव लावायचं की नाही, आणि ‘ऑटिस्टिक’ हा शब्द त्यात यावा की नाही, हे ज्याचा संग्रह त्याने ठरवायचं.