रोडला लागून घर आहे? मग खिडकी कधी उघडायची ते असं ठरवा

ठाण्यात घोडबंदर रोड, माजिवडा, नाहीतर तिकडे नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडला लागून फ्लॅट असेल तर आवाज आणि धूळ दोन्ही फुकटात मिळतं, आणि आपण धरून चालतो की रस्ता शांत म्हणजे हवा पण साफ. तसं नसतं. गाडी पुढे गेली की आवाज गेला, पण कण तरंगत राहतात, वारा नाहीतर पाऊस येईपर्यंत. म्हणून दोन्ही वेगवेगळं मोजायचं.

आधी आवाज. मोबाईलवर साउंड मीटरचं कुठलंही बरं अ‍ॅप टाका, फॅन टीव्ही बंद करा, फोन खिडकीत ठेवा पण माइकवर थेट वारा येऊ देऊ नका आणि दहा-पंधरा मिनिटांची सरासरी बघा, अ‍ॅपमध्ये ती एलईक्यू म्हणून दिसते. एका टेम्पोने हॉर्न मारला आणि ९० दिसलं की लगेच स्क्रीनशॉट पाठवणारे असतात, त्याला काही अर्थ नाही. नियमाने रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५. फोनचा आकडा थोडा इकडेतिकडे असणारच, त्यामुळे रोडकडची खोली आणि मागची खोली यातला फरक बघा. गाड्या दुप्पट झाल्या तरी साधारण ३ डेसिबलच वाढतात, मग मागच्या खोलीत १० कमी आले तर समजा लॉटरी लागली, बेड तिकडे हलवा.

आता हवा. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) समीर अ‍ॅपवर जवळच्या स्टेशनचा आकडा मिळतो पण तो एरियाचा, तुमच्या खिडकीचा नाही, त्यामुळे छोटा पीएम २.५ मीटर, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणारा, घेतला तर बरं. किचनपासून लांब ठेवा, नाहीतर फोडणी, उदबत्ती आणि मच्छर कॉइलच मोजत बसाल. आपली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५. पावसाळी दमट हवेत हे स्वस्त मीटर जास्त दाखवतात. आणि डिझेलच्या ताज्या धुरातले एकदम बारीक कण त्यांना दिसतच नाहीत, हे कोणी सांगत नाही! म्हणजे मीटर ३० दाखवतोय पण खाली ट्रकची रांग घरघरतेय, तर कानावर विश्वास ठेवा आणि रोडकडची खिडकी लावून घ्या.

उलटंही होतं. थंडीत सकाळी सहा-सातला रस्ता त्यातल्या त्यात शांत असतो आणि सगळे खिडक्या उघडून प्राणायाम करतात, पण गार हवा जमिनीलगत बसलेली असते आणि रात्रभरच्या अवजड गाड्यांचा धूर त्यातच अडकलेला. दुपारी ऊन आणि खाडी-समुद्राकडचा वारा सुटला की आवाज जास्त असूनही हवा बरीच बरी होते, घर उघडायचं ते तेव्हा. पावसात ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो आणि धूळ मात्र धुऊन जाते, तेव्हा बिनधास्त उघडा. कापूरबावडीला जाम लागला की हॉर्न सोडले तर आवाज कमी होऊ शकतो, कारण वेग नाही म्हणजे टायरची घासाघीस नाही, पण इंजिनं चालूच असतात. तिथे रिक्षात बसला असाल तर मास्क लावा.

अजून एक बघा. स्लायडिंग खिडकीच्या खाचेतून ओलं पांढरं फडकं फिरवा. तपकिरी, रवाळ, बोटाला खरखरीत लागलं तर बहुतेक खोदकाम-बांधकामाची आणि रस्त्याची धूळ. काळं, चिकट, धुतलं तरी न जाणारं असेल तर त्यात धूर आणि टायरचा भाग जास्त. धुळीला रोज ओलं पुसणं पुरतं (कोरडा झाडू नको, सगळं परत उडतं), काळ्याला नाही.

खिडकीच्या फटीला रबर पट्टी लावा, आवाज आणि कण दोन्ही त्याच फटीतून येतात, तीन-चारशे रुपयांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. बाल्कनीतल्या कुंड्या छान दिसतात, आवाज अडवत नाहीत. प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा) आणि खोलीच्या मापाला पुरेल असा सीएडीआर (मशीन किती वेगाने साफ हवा देतं तो आकडा) बघा, झोपायच्या तासभर आधी फुल स्पीडवर आणि मग लो वर, नाहीतर रोडचा आवाज बंद करून मशीनचा ऐकत पडाल.