पीडीएफ आकृती घातल्यावर फाइल फुगते? या चुका टाळा

लाटेक या दस्तऐवज बनवण्याच्या प्रणालीत कॉम्प्रेशनची पातळी 0 ते 9 अशी ठरवता येते. ती 9 वर नेऊनही फाइल हलकी होत नाही, ही नेहमीची तक्रार. पण ती पातळी पीडीएफटेक (लाटेकमागे पीडीएफ तयार करणारा प्रोग्रॅम) स्वतः जे लिहितो त्यापुरतीच असते. बाहेरून आणलेल्या पीडीएफ आकृतीतला डेटा तो सहसा जसाच्या तसा उचलतो. आकृती कॉम्प्रेस न करताच सेव्ह झाली असेल, तर ती तशीच आत जाते. म्हणून घालण्याआधी आकृती क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनातून एकदा फिरवून घ्या. त्यात दर्जाला धक्का लागत नाही.

याउलट, घाईघाईत तयार फाइल घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ पुन्हा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘स्क्रीन’ सेटिंगमधून फिरवणं महागात पडतं. त्यात चित्रं 72 डीपीआयवर (इंचामागे 72 ठिपक्यांवर) येतात. ‘ईबुक’मध्ये 150, ‘प्रिंटर’मध्ये 300. शिवाय घोस्टस्क्रिप्ट आपणहून जेपीईजी निवडू शकतं. फोटोला ते चालतं, पण स्क्रीनशॉटमधल्या अक्षरांभोवती मळकट डाग उमटतात आणि गेलेला तपशील परत मिळत नाही. फिल्टरची (कॉम्प्रेशन पद्धतीची) आपोआप निवड बंद करून फ्लेट ही तपशील न गमावणारी पद्धत लावा. व्हेक्टर रेषांना (पिक्सेलऐवजी आज्ञांनी काढलेल्या रेषांना) यातलं काहीच लागू नाही, त्यामुळे फाइल रेषांनी जड झाली असेल तर हा खटाटोप फुकट.

म्हणून आधी दुखणं शोधा. पॉपलर या पीडीएफ साधनसंचासोबत येणारं पीडीएफइमेजेस प्रत्येक चित्राचे पिक्सेल, डीपीआय आणि एन्कोडिंग यांची यादी देतं. यादी रिकामी आणि फाइल मात्र अवाढव्य, असं दिसलं तर संशय व्हेक्टरवर घ्यावा. लाखभर ठिपक्यांच्या आलेखात प्रत्येक ठिपका ही वेगळी आज्ञा असते. कॉम्प्रेशननं फाइल लहान झाली तरी पान उघडताना व्ह्यूअर अडखळतोच. अशा वेळी फक्त ठिपके रास्टर करा, म्हणजे पिक्सेलच्या चित्रात बदला. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहू द्या. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत ही सोय आहे आणि माझ्या मते ती फारच कमी लोक वापरतात.

आकृती ट्रिम केली की नको तो भाग गेला, असंही समजू नका. तो फक्त दिसेनासा होतो. डेटा आतच राहतो, वजनासकट. गोपनीय आकडे असतील तर मूळ आकृतीतूनच काढा.

फाँटचंही तसंच. प्रत्येक आकृती आपला फाँट सोबत आणते आणि पीडीएफटेक ते नेहमीच एकत्र करतो असं नाही. आकृत्या मोजक्या असतील तर याकडे दुर्लक्ष केलेलं चालतं.