उन्हाळी शिबिर घेताय? ताई-दादांना आधी मोकळ्या वेळेसाठी तयार करा

निवासी शिबिर ठरलं की सगळे पहिल्यांदा वेळापत्रक करायला बसतात, सहाला उठायचं, साडेसहाला व्यायाम, मग मातीकाम, ओरिगामी, रात्री शेकोटी, आणि ताई-दादांच्या, म्हणजे मुलांचे गट सांभाळणाऱ्या तरुणांच्या, मीटिंगमध्येपण हेच की कोण काय घेणार. मी बरीच वर्षं मे महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी मुलांची शिबिरं घेतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ओरिगामी कोणीही घेईल हो, गडबड होते ती वेळापत्रकात ज्याला नावच नाही त्या वेळात. आंघोळीची रांग, जेवणानंतरचा पाऊण तास, दिवे बंद व्हायच्या आधीची वीस मिनिटं, रात्रीचे दोन. ट्रेनिंग द्यायचं तर या वेळेचं द्या.

आधी माणसं कशी घ्यायची ते सांगते. 18 पूर्ण झालेलेच घ्या, कारण बारावी दिलेली मुलं कितीही उत्साही असली तरी त्यातली बरीचशी कायद्याने स्वतःच अजून मुलं असतात, त्यांना मदतनीस म्हणून ठेवा पण गट देऊ नका. इंटरव्ह्यूला गाणी येतात का, खेळ येतात का हे मी विचारत नाही, कामाला लावते. सतरंज्या झटकायच्यात, पाण्याचे पिंप भरायचेत, बघायचं कोण सांगायच्या आधी उठतं.

ट्रेनिंग शहरात हॉल घेऊन करू नका. शिबिराच्या जागेवरच दोन दिवस आधी न्या, तिथेच झोपू द्या, तिथल्याच बाथरूममध्ये आंघोळ करू द्या, म्हणजे तिसऱ्या बादलीला नळाची धार बारीक होते हे मुलं यायच्या आधीच कळतं. रात्री टॉर्च घेऊन झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत प्रत्येकाने एकदा चालायचं. आणि सगळ्यात जवळचं असं सरकारी हॉस्पिटल कुठे आहे जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) खरंच स्टॉकमध्ये आहे, ते फोनवर न विचारता जाऊन बघून या. 108 सगळ्यांना पाठ असतं पण गाडी येणार कुठल्या फाट्यावरून, ड्रायव्हरला रस्ता काय सांगायचा, हे प्रत्येक ताई-दादाला तोंडपाठ पाहिजे. नाग, घोणस, फुरसं, मण्यार, चारही आपल्याकडे आहेत, आणि मुलं जमिनीवर झोपत असतील तर मण्यारचं मुद्दाम शिकवा कारण ती रात्री फिरते, चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, सूज नाही, दुखत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय, उलटी होतेय, पापण्या जड झाल्यात म्हणालं तर ॲसिडिटी म्हणून ओवा देत बसायचं नाही, गाडी काढायची. दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं काहीही नाही.

उन्हाचं पण तसंच, दर तासाला ताईने समोर उभं राहून पाणी प्यायला लावायचं, तहान लागली की पितील म्हणून सोडायचं नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट ग्लासात टाकणारे दादा मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट, प्रसंग करून घ्या. "असं झालं तर काय कराल" असं विचारलं की सगळे छान उत्तरं देतात, म्हणून विचारायचंच नाही, एकाने मूल व्हायचं, एकाने दादा, बाकीच्यांनी बघायचं. संध्याकाळी सातला घरच्या आठवणीने रडणारी मुलगी, बादलीवरून मारामारी, आणि "ताई तुला एक सांगते पण कोणाला सांगू नकोस". यावर "नाही सांगणार" असं वचन द्यायचं नाही. "तुला मदत लागणार असेल तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल" हे वाक्य तोंडात बसेपर्यंत म्हणवून घ्या. मुलाने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपण खरं-खोटं तपासायचं नाही, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि लगेच शिबिरप्रमुखाकडे जायचं. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा नियम माझ्यासकट सगळ्यांना.

अंथरूण ओलं होण्याचा प्रसंग तर हमखास करून घेते. एका वर्षी पहाटे साडेपाचला एक नऊ वर्षांचा मुलगा जागा होता पण पांघरूण गळ्यापर्यंत ओढून हलतच नव्हता, शेजारची मुलं उठायला लागलेली. त्याचा दादा आला, एक शब्द न बोलता त्याने आपल्या बाटलीतलं पाणी सतरंजीवर सांडलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरेरे, माझ्याकडून सांडलं रे, चल कपडे बदलून घे". मुलगा त्या दिवशी दुपारी गटात सगळ्यात मोठ्याने गात होता. त्या दादाला हे मी शिकवलेलं नव्हतं, पण तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला शिकवते.

मोजणी. दहा मुलांमागे दोन जण असं मी ठेवते, आणि नुसतं "एक, दोन, तीन" ओरडून घेतलं तर नसलेल्या मित्राचा नंबर दुसराच ओरडतो, म्हणून चेहरा बघूनच मोजायचं. धरण, नदी, ओढा, पाण्यात कोणी उतरायचं नाही, गुडघाभर पण नाही, पालकांनी आग्रह केला तरी नाही.

आणि आता टीम सांभाळायचं. सात दिवसांच्या शिबिरात पाचव्या दिवशी ताई-दादा चिडायला लागतात, आवाज चढतो, कारण झोप झालेली नसते, दुसरं काही नसतं. मुलं झोपल्यावरची मीटिंग वीस मिनिटांत संपवा, रात्रीची ड्युटी पाळीने लावा, ज्याची रात्र झाली त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच झोपायला पाठवा, "थोडं हे करून जा" म्हणू नका. चूक झाली तर मुलांदेखत ताईला काही बोलायचं नाही, एकदा बोललात की मुलं तिचं ऐकायची बंद होतात, मग ती पुढचे चार दिवस गट कसा सांभाळणार? बाजूला घेऊन सांगा, त्याच दिवशी सांगा.

एक वही ठेवा. कोणी काय चांगलं केलं, कुठे फजिती झाली, कुठल्या वेळेला, सगळं रोज रात्री दोन ओळीत. शेवटची बस गेली की घरी पळायच्या आधी तासभर बसून ती सगळ्यांनी मिळून वाचा, पुढच्या वर्षीचे प्रसंग त्यातूनच घ्यायचे.