खांद्यातली बर्सा: कुठे असते, काय करते, दुखली तर काय करायचं

खांद्याच्या टोकाला बोट लावा. वर जे कडक लागतं ते ॲक्रोमियन, म्हणजे खांद्याच्या फऱ्याचं टोक. त्याच्या खालून सुप्रास्पायनेटस स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, जातो आणि या दोघांमधल्या फटीत सबॲक्रोमियल बर्सा, म्हणजे द्रवाची एक छोटी पिशवी, असते. पिशवी म्हटलं की फुगा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात निरोगी बर्सा जेमतेम १-२ मिलिमीटर जाड, आत द्रवाचा नुसता ओशटपणा. तेलाचं बोट फिरवलेले दोन प्लास्टिकचे कागद एकमेकांवर सरकतात, तसे तिचे पडदे सरकतात. म्हणून कंडरा हाडाला घासत नाही.

आता हात बाजूने सावकाश वर न्या. साधारण ६० ते १२० अंशांत दुखलं आणि पुढे कमी झालं, तर संशय बर्सेवर किंवा कंडऱ्यावर. दोन्ही इतके लगत आहेत की एवढ्यावरून नेमकं कोण ते ठरत नाही. तिथे सोनोग्राफी कामी येते.

डोक्यावर हात न्यायची कामं काही दिवस थांबवा, त्या कुशीवर झोपू नका, बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं लावा. हात झोळीत अडकवून मात्र ठेवू नका, खांदा आखडतो. त्यापेक्षा दुसऱ्या हाताने टेबल धरून कमरेत वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि अंग हलवून तो झुलवा. बहुतेकजण इथेच चुकतात: हाताच्याच जोराने झुलवतात.

खांदा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.