ग्रह-ताऱ्यांची अंतरं शिकवताना आणि आभाळ पाहताना या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सूर्यमालेचं मॉडेल हमखास असतं. थर्माकोलचा सूर्य, वीतभर अंतरावर लिंबाएवढी पृथ्वी आणि तारेच्या कड्यांत अडकवलेले बाकीचे ग्रह. मुलं मनापासून मेहनत घेतात. पण आकाराला एक माप आणि अंतराला दुसरंच माप लावलेलं असतं, आणि त्यातून डोक्यात बसलेलं चुकीचं चित्र मग लवकर निघत नाही.

म्हणून टेबल सोडा आणि मैदानात या. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असं माप धरा, की १ मीटर म्हणजे आपोआप १ कोटी किलोमीटर होतात. सूर्य १४ सेंटीमीटरचा चेंडू. पृथ्वी म्हणजे मोहरीचा बारीक दाणा, चेंडूपासून १५ मीटरवर. चंद्र त्या दाण्यापासून जेमतेम ३.८ सेंटीमीटरवर. गुरू कंच्यापेक्षा थोडा लहान, ७८ मीटरवर. शनी १४३ मीटरवर. नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे शाळेचं फाटक ओलांडून गावच्या रस्त्यावर. एका पोराला तिथे उभं करून मागे वळून पाहायला सांगा. चेंडू ठिपक्याएवढा तरी दिसतो का, ते त्यालाच ठरवू द्या. याच मापाने सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४ हजार किलोमीटरवर येतो. प्रकाशाला तिथून इथे यायला सव्वाचार वर्षं लागतात. मात्र प्रकाशवर्ष, म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो तेवढा पल्ला, हे अंतराचं माप आहे, काळाचं नव्हे.

इथे एक मोह होतो. मोहरी पाहुण्यांना दिसणार नाही म्हणून पृथ्वी मोठी केली जाते. तसं करू नका. दाणा पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावा आणि खाली अंतर ठळक लिहा.

दुसरी चूक कक्षेच्या आकाराची. चित्रात पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबुळकी काढतात. मैदानात खुंटी ठोका, १५ मीटरच्या दोरीने वर्तुळ आखा आणि सूर्य खुंटीपासून फक्त २५ सेंटीमीटर सरकवा. पृथ्वीची कक्षा इतकी गोल आहे.

याच लांबुळक्या चित्रातून नवतप्याबद्दलचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांबद्दलचा, गैरसमज पक्का होतो. नवतप्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो, असं आपल्याकडे दरवर्षी ऐकू येतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपण शेकोटीपाशी बसलेले असतो. मेच्या अखेरीस ती १५.१ कोटींच्या पुढे गेलेली असते. मग एवढं तापतं कशाने? पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आणि नेमक्या याच दिवसांत दुपारचा सूर्य विदर्भाच्या बरोबर डोक्यावर येतो. चंद्रपूरला साधारण २० मे, नागपूरला २६ मे. त्या दिवशी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. मला वाटतं, गावातल्या शाळेला याहून स्वस्त आणि याहून पटणारा प्रयोग सापडणार नाही.

सुट्ट्या असल्या तरी मुलांना बोलवा. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. एक, घड्याळात बारा वाजले की सावली पाहतात. नागपूरला तेव्हा सूर्य माथ्यावर यायला दहाएक मिनिटं बाकी असतात, आणि तेवढ्याने एक मीटरच्या काठीची चार सेंटीमीटर सावली पडते. दोन, काठी तिरपी असते. गवंड्याचा ओळंबा लावून ती सरळ करा.

आता टीव्हीच्या छत्रीकडे. डीडी फ्री डिशचा उपग्रह बरोबर डोक्यावर असेल असं समजून काही जण डिश आभाळाकडे उताणी करतात. तो आहे विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेळेत तोही एक फेरी मारतो, म्हणून छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही. विदर्भातून तो आग्नेयेला, साधारण ६० अंश उंचीवर येतो. चित्र अडखळत असेल तर आधी त्या बाजूचं कडुनिंबाचं झाड वाढलंय का ते बघा.

अंतराळ स्थानक दिसलं नाही, ही तक्रार नेहमीची. ते फक्त ४०० किलोमीटरवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. इतक्या खालून जात असल्यामुळे ठिकाण चुकलं की दिशा, उंची सगळंच बदलतं. अॅपमध्ये मुंबई ठेवून गडचिरोलीत वाट पाहू नका. वेळ जागतिक घड्याळाची असेल तर साडेपाच तास मिळवा. मध्यरात्री बहुतेकदा ते पृथ्वीच्या सावलीत असतं, म्हणून सूर्यास्तानंतरचे किंवा पहाटेचे एक-दोन तास गाठा. लुकलुकणारा लाल दिवा दिसला तर ते विमान आहे.

आणि प्रत्येक जळती रेघ उल्का नसते. उल्का सहसा सेकंद-दोन सेकंदांत विझते. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भावरून संथपणे गेलेल्या जळत्या रेघा बऱ्याच वेळ दिसल्या, आणि सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडली. अभ्यासकांच्या मते तो चिनी रॉकेटचा भाग होता. खालच्या कक्षेतही विरळ हवा असते. ती वेग खात राहते आणि वस्तू हळूहळू खाली येते. असा तुकडा शेतात सापडला तर त्याला हात लावू नका, त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. भंगारात तर मुळीच देऊ नका. पोलिस पाटलांना कळवा आणि मुलांना लांब ठेवा.