गोल कामाचा दर स्क्वेअर फुटात काढू नका: एका सुताराच्या वहीतून

माझ्या पहिल्या गोल कामाचा हिशोब एका जुन्या वहीत अजून आहे. सिंहगड रोडवरचा फ्लॅट, हॉलमध्ये क्रोकरी युनिट, सहा फूट लांब, तीन फूट उंच, पुढून धनुष्यासारखं फुगीर. सरळ कामाला माझा दर तेव्हा माल धरून स्क्वेअर फुटाला १,६०० रुपये होता. १८ स्क्वेअर फुटांचे झाले २८,८००. गोल आहे म्हणून वीसेक टक्के वर धरले आणि ३४,५०० सांगितले. परत येताना गाडीवर वाटत होतं, जरा जास्तच सांगितले की काय.

काम संपल्यावर बेरीज केली. माल १६,८००. मिस्त्री आणि हेल्पर मिळून रोजचे २,१००, असे १५ दिवस, म्हणजे ३१,५००. पॉलिश ६,५००. टेम्पो आणि हमाली १,८००. एकूण ५६,६००. बावीस हजार खिशातून गेले, आणि यात मी स्वतः उभा राहिलो त्याची मजुरी धरलेली नाही. ते युनिट लिफ्टमध्ये बसलं नाही, सहा मजले जिन्याने चढवलं, ते वेगळंच. गोल वस्तू आडवी-तिरपी करून दारातून काढता येत नाही, हेही त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून साइटवर गेलो की आधी लिफ्टचं माप घेतो, मग भिंतीचं.

आयटीआयचा एक वर्षाचा कारपेंटर ट्रेड करून पोरं आमच्या शेडवर येतात आणि पहिला प्रश्न असतो, "दादा, कर्व्हला रेट काय लावायचा?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. कर्व्हला रेट नसतो. दिवस मोजायचे असतात. ते मोजायचे तर आधी गोलाई कशी होते ते हातात यायला हवं.

माझे आजोबा गावात बैलगाडीची चाकं करायचे. चाकाच्या घेराला त्यांनी लाकूड कधी वाकवलं नाही. बाभळीचे कमानीसारखे तुकडे कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि वरून लोखंडी धाव तापवून चढवायची. थंड झाली की ती सगळं आवळून धरते. मीही आज निम्मी गोल कामं तशीच करतो. १८ मिमी प्लायच्या गोल फासळ्या कापायच्या, दर फुटावर उभ्या पट्ट्यांनी जोडायच्या आणि वरून फ्लेक्सी प्लाय चढवायचा. वाकायचं ते फक्त कातडं. सांगाडा कापलेलाच असतो, त्यामुळे तो परत उघडण्याची, म्हणजे सरळ होण्याची, भीती नाही. काउंटर, खांब, बेडची गोल पाठ याला हीच पद्धत चांगली. (आजोबांना दर मात्र कधी काढावा लागला नाही. सुगीत बलुतं घरी यायचं, चाक गोल असो की नांगर सरळ.)

फ्लेक्सी प्लाय एकाच दिशेने वाकतो. काही शीट लांबीत वाकतात, काही रुंदीत, आणि दुकानदाराला नुसतं "फ्लेक्सी द्या" म्हटलं की तो जे समोर असेल ते टेम्पोत टाकतो. आठ बाय चारचं शीट चुकीचं आलं की ते कापून वापरण्यात जोड वाढतात. ऑर्डर देताना वाकायची दिशा बोलून सांगा.

दुसरी पद्धत मागून काप मारायची. नव्या माणसाला ती सोपी वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. १८ मिमी प्लाय घेतला, पुढची २ मिमी कातडी राखली, मागून १६ मिमी खोल काप मारले. ९० अंश वळवायचं तर बाहेरच्या आणि आतल्या कडेच्या लांबीत फरक पडतो १६ गुणिले १.५७ (पायचं निम्मं), म्हणजे २५ मिमी. ब्लेडचा काप ३ मिमीचा असेल तर नऊ काप पूर्ण मिटले की काटकोनाचं वळण झालं. गंमत अशी की या हिशोबात रेडियस येतच नाही. गोलाई लहान असो की मोठी, काप तेवढेच लागतात, फक्त त्यांच्यातलं अंतर बदलतं.

आता तेच नऊ काप दोन फुटांच्या रेडियसवर मारून बघा. गोलाईची लांबी ९५७ मिमी, म्हणजे दर १०६ मिमीवर एक काप. दोन कापांच्या मधला तुकडा सपाटच राहतो आणि खऱ्या गोलापासून मध्यभागी सव्वादोन मिमी आत असतो. शेडमध्ये हे दिसत नाही. घरी खिडकीचा उजेड बाजूने पडला की पाटे पाटे दिसतात, आणि पॉलिश जितकं चकचकीत तितके जास्त. म्हणून मी दर अर्ध्या इंचाला काप मारतो, पाऊणशे तरी होतात. ते पूर्ण मिटत नाहीत, थोडे थोडे मिटतात, आणि गोलाई नरम येते. मग आतून सरस भरून ४ मिमी प्लाय चिकटवायचा, नाहीतर ती फळी कागदासारखी लुळी राहते.

फिरत्या शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, मात्र माझ्या मते थर चिकटवणंच खरं. पातळ थर, मध्ये सरस, साच्यावर दाबून रात्रभर. त्या सिंहगड रोडच्या कामात मी इथेच मार खाल्ला. ६ मिमीचे दोनच थर घेतले, साधा पांढरा सरस लावला, दुपारी तीनला क्लॅम्प आवळले आणि सातला सोडले. तेव्हा छान दिसत होतं. सकाळी शटर कारकसला (कपाटाच्या खोक्याला) लावून बघितलं तर मध्ये पाच सूत, म्हणजे पाच अष्टमांश इंच, फट. फळी उघडली होती. ज्यांच्याकडे मी तीन वर्षं काम शिकलो ते राजस्थानातून आलेले मिस्त्री बघून इतकंच म्हणाले, "उसको नींद पूरी नहीं करने दी."

थर जितके जास्त तितकी फळी कमी उघडते. ढोबळ हिशोब असा की थर दुप्पट केले तर उसळी, म्हणजे हे उघडणं, चौथ्या हिश्शावर येते. पांढरा सरस सुकल्यावरही ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून वळणाच्या कामाला युरियाचा सरस बरा, तो कडक बसतो. पावसाळ्यात मी चोवीस तासांच्या आत साचा उघडतच नाही. दोन्ही बाजूंना व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा. पैसे वाचवायला मागची बाजू कोरडी ठेवली तर शटर महिन्याभरात पीळ घेतं.

वाफेवर सबंध लाकूड वाकवणं हा वेगळाच धंदा आहे. इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या काळ्या खुर्च्या आठवा. थोनेट नावाच्या कारखानदाराने १८५९ साली व्हिएन्नात आणलेल्या खुर्चीची ती भावंडं, बीच लाकूड वाफवून वाकवलेली. कपाटाच्या कामात मला त्याची गरज पडलेली नाही.

साइटवर गोल भिंत असेल तर रेडियस असा काढा. १,२०० मिमीची सरळ पट्टी आतल्या बाजूने भिंतीला टेकवा, मधोमध पट्टी आणि भिंत यातलं अंतर मोजा. समजा १५० आलं. पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले आठ पट अंतर, अधिक अंतराचं निम्मं. १,२०० अधिक ७५, रेडियस १,२७५. मग दोन फूट सरकून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा दुसरंच उत्तर येतं, कारण गवंड्याने गोलाई प्लास्टरच्या थापीने केलेली असते. अशा वेळी गणित सोडून द्यायचं आणि हार्डबोर्डचा फर्मा भिंतीवरच घासून काढायचा.

बिजागरीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोल शटरला ऑटो हिंजची (आतून लपणाऱ्या बिजागरीची) वाटी बसायला सपाट जागा नसते. आतून सपाट ठोकळा चिकटवावा लागतो, तोही आधी ड्रॉइंगमध्ये धरून. शेजारच्या शटरला उघडताना मागची कड घासते, म्हणून कडा तिरप्या मारायच्या आणि एक सूत फट सोडायची. ड्रॉवर असतील तर डबा सरळच करा, फक्त तोंड गोल. फुगीर युनिटमध्ये मधल्या ड्रॉवरला १८ इंची चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) बसतो, कडेच्याला १२ इंचीवर समाधान मानावं लागतं. हे गिऱ्हाईकाला आधी सांगितलं नाही तर शेवटच्या दिवशी ते टेप घेऊन उभं राहतं.

आता पैसे. मी आधी साचा मोजतो. हलक्या प्लायची दोन शीटं आणि दोन दिवस, हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो. मग रात्री मोजतो. हो, रात्री. एका साच्यावर एका रात्री एकच शटर निघतं. सहा शटरं म्हणजे सहा रात्री, नाहीतर दोन साचे. पहिल्या कामात मला हे सुचलंच नव्हतं, सहा शटरांना मी दोन दिवस धरले होते. आजही माझ्याकडे स्वतःची व्हॅक्यूम पिशवी नाही, मोठं पॅनल बाहेरून दाबून आणतो आणि त्याचं बिल जसंच्या तसं लावतो. पिशवीचं काम मात्र देखणं असतं. पूर्ण हवा काढली तर बाहेरचं वातावरणच चौरस मीटरला दहा टनांनी दाबतं, क्लॅम्पची गरजच नाही.

माल काढताना सरळ कामात मी दहा-पंधरा टक्के वेस्टेज धरतो, गोल कामात चाळीस. फासळ्या कापून उरलेले चंद्रकोरी तुकडे कशालाच लागत नाहीत. पॉलिशवाल्याला ड्रॉइंग दाखवून त्याचा आकडा त्याच्याकडूनच घ्या, कारण मशीनचा पॅड गोलाईवर सपाट डाग पाडतो आणि त्याला हाताने घासावं लागतं. शेवटी शेडचं भाडं दिवसाच्या हिशोबाने, त्यावर नफा. तेच युनिट आज मला १७ दिवसांचं दिसतं, म्हणजे तेव्हापेक्षा दोन दिवस जास्तच.

गिऱ्हाईकाला आकडा जड वाटला तर दर पाडू नका, ड्रॉइंग बदला. इंटिरियरवाल्यांच्या चित्रात एकाच युनिटला तीन वेगळे रेडियस असतात. तिन्ही सारखे केले तर दोन साचे वाचतात आणि डोळ्याला फरक कळतही नाही. हे मी दहा वेळा सुचवलं असेल, आठ वेळा लोक हो म्हणालेत.

साच्याच्या ओळीवर वाद होतोच. कोथरूडच्या एका काकांनी कोटेशनवर बोट ठेवलं. "साचा तुमच्याकडेच राहणार ना? मग त्याचे पैसे मी का द्यायचे?"

"मग काम झाल्यावर घेऊन जा, काका," मी म्हणालो.

मला वाटलं विषय संपला. काम झाल्यावर त्यांनी खरंच टेम्पो पाठवला. साचा गच्चीत उपडा घालून त्यावर काकूंनी कुंड्या मांडल्या. दीड वर्षाने फोन आला, समोरच्या भिंतीलाही तसंच युनिट हवं होतं.

"आणि साच्याची ओळ या वेळी लिहू नका," काका म्हणाले. "तो माझ्याकडे आहे."

गच्चीत जाऊन बघितला. पावसाने एक फासळी फुगली होती, बाकी ठीक होता. दुरुस्तीचा अर्धा दिवस लावला आणि दोन दिवस कमी करून कोटेशन दिलं.