लॅबचं पिल्लू घेताय? नर की मादी ते असं ठरवा

लॅब, म्हणजे लॅब्रेडोर जातीचा कुत्रा, घ्यायचा हे घरात एकदाचं ठरलं की मेल घ्यायचा की फीमेल यावर वाद सुरू होतात आणि मग बिल्डिंगमधले, ऑफिसातले, नातेवाईक सगळेच सल्ले देतात. मादी जास्त प्रेमळ असते, नर राखणीला चांगला, मादी लवकर शिकते, नर हट्टी असतो वगैरे. लॅबच्या बाबतीत यातलं बहुतेक सोडून द्या. राखणीसाठी ही जात कधी नव्हतीच, शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून तोंडात धरून आणून द्यायला ती तयार झाली, त्यामुळे अनोळखी माणसाचंही तिला कौतुकच असतं, मग नर असो की मादी. आणि स्वभावाचं म्हणाल तर एकाच विणीतले दोन भाऊ इतके वेगळे निघतात की नर-मादीतला फरक त्यापुढे किरकोळ वाटतो.

मग फरक कुठे पडतो? अंगाची ताकद, माज (म्हणजे मादीचं हीटवर येणं), जागोजागी मुतायची सवय आणि घरात आधीच एखादं कुत्रं असेल तर त्याच्याशी पटणं. हे चार मुद्दे आपल्या घराला लावून बघायचे, बस.

ताकदीपासून सुरू करू. पूर्ण वाढलेला नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा, मादी २५ ते ३२. आकडे वाचून फार वाटत नाही, पण समोर मांजर दिसल्यावर पट्ट्याला जो हिसका बसतो त्यात ते चार-पाच किलो कळतात. म्हणून घरात आधी विचारा की रोज सकाळी फिरवणार कोण. आजी-आजोबा किंवा शाळेतलं पोर फिरवणार असेल तर मादीकडे झुकलेलं बरं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर हेही डोक्यात घ्या की म्हातारपणी याला उचलून खाली न्यायला लागू शकतं. बाकी घरात दोन धडधाकट माणसं फिरवायला असतील तर वजनाचा मुद्दा सोडून द्या.

आता माज, ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि म्हणून मादीच नको म्हणतात. लॅबची मादी पहिल्यांदा हीटवर येते ती बहुतेक सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, काहींना अजून उशीर लागतो, आणि पुढे साधारण दर सहा-सात महिन्यांनी. एका वेळी दोन ते तीन आठवडे. सुरुवातीला रक्त जातं, तेव्हा फरशी पुसत बसायला लागतं किंवा डायपर घालायला लागतो, हे खरंय पण हा काही फार मोठा त्रास नाही. खरी गंमत पुढे आहे: साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्त कमी होतं, फिकट होतं, आणि लोकांना वाटतं चला संपलं, आणि तिला मोकळं सोडतात. नेमकी तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते आणि तेव्हाच गाभण राहते. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी घरात सात-आठ पिल्लं, कधी जास्त, आणि त्यांना चांगली घरं शोधणं किती कठीण असतं ते ज्यांनी शोधलीत त्यांना विचारा. म्हणून हीटमध्ये पहिल्या दिवसापासून पूर्ण तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही, गच्चीवर एकटी नाही, बंगला असेल तर कंपाउंडच्या भिंतीवर भरवसा नाही, भटके कुत्रे ती भिंत आरामात चढून येतात.

हे जमणार असेल तर मादी नको म्हणायचं कारण उरत नाही.

आणि नर घेतला म्हणजे यातून सुटलो असं अजिबात नाही. भाद्रपद आला, पाऊस ओसरायला लागला की गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि तुमचा शहाणा लॅब जेवण सोडतो, रात्रभर दारापाशी रडतो, पट्टा सुटला तर थेट पळतो. रस्त्यावर गाडी आहे, इतर कुत्र्यांची मारामारी आहे, आणि एक आजार आहे जो फार जणांना माहीत नसतो: संबंधातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारी जननेंद्रियावरची गाठ. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांमध्ये ती बऱ्यापैकी दिसते. उपचार आहे, किमोची इंजेक्शनं द्यावी लागतात. शिवाय सहा महिने ते वर्षाच्या आत नर पाय वर करायला लागतो, मग सोसायटीतल्या बाइकची चाकं, कुणाचं तुळशी वृंदावन, दारातली रांगोळी, आणि त्यावरून होणारी भांडणं. मादी बहुतेक एकदाच बसून मोकळी होते, नराला फेरी मारताना वीस ठिकाणी थांबायचं असतं, सकाळी ऑफिसची घाई असणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

नसबंदी केली की दोन्हीकडचे बरेचसे प्रश्न सुटतात. नराचं ऑपरेशन सोपं आणि स्वस्त, मादीचं पोट उघडून करायला लागतं म्हणून खर्च आणि काळजी जास्त. पण फायदाही मादीलाच जास्त. न केलेल्या मादीला वय वाढेल तसा हीटनंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. खूप पाणी पिणं, खाणं सोडणं, सुस्त पडणं, कधी पू बाहेर दिसतो तर कधी अजिबात दिसत नाही, त्याच दिवशी व्हेटकडे नेलं नाही तर जीवावर बेततं. हा आजार आणि स्तनांच्या गाठींचा बराचसा धोका ऑपरेशनने टळतो. वेळेबद्दल मात्र घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये जातीनुसार आकडे मांडले, त्यात लॅबच्या नराची नसबंदी सहा महिन्यांनंतर आणि मादीची साधारण वर्ष होत आल्यावर करावी असं सुचवलंय, कारण लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढतात. नेमकी तारीख तुमच्या व्हेटशी बोलून ठरवा आणि मादी नुकतीच हीटमधून गेली असेल तर दोन-तीन महिने थांबा. ऑपरेशननंतर काही मोठ्या माद्यांना झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, त्यावर औषध आहे. आणि वजन, नर मादी दोघांचंही, लगेच वाढायला लागतं, लॅब तर आधीच भुकेलेली जात, त्यामुळे वाटी छोटी करा.

घरात आधीच कुत्रं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी हाच मुद्दा बघा. नर असेल तर मादी, मादी असेल तर नर, आणि निदान एकाची नसबंदी झालेली हवी. दोन माद्या छान राहतात पण बिघडलं तर त्यांची भांडणं लवकर मिटत नाहीत आणि जखमा खोल होतात.

माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांनी मादी घ्यावी आणि वेळेवर ऑपरेशन करावं. ऑपरेशन करायचंच नसेल आणि हीटचे तीन आठवडे घरात लक्ष ठेवायला कोणी नसेल, तर नर घ्या, पण मग तो पट्ट्याशिवाय दाराबाहेर पडणार नाही ही जबाबदारी तुमची. घरी पिल्लं काढायची म्हणून मादी घेणार असाल तर प्लीज घेऊ नका, ब्रीडिंगला रजिस्ट्रेशन लागतं, आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे लागतात आणि उरलेल्या पिल्लांचं पुढे काय होतं ते बघवत नाही.

ब्रीडरकडे जाताना दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, २०१७ च्या नियमांप्रमाणे विकताही येत नाही. आईला बघा, ती माणसांना घाबरत असेल किंवा अंगावर येत असेल तर परत फिरा. मग नर-मादी विसरून सगळी पिल्लं खाली सोडा आणि जरा वेळ नुसतं बसा. चाव्या खाली टाका, जे दचकून पळतं आणि थोड्या वेळाने स्वतःहून वास घ्यायला परत येतं ते घरात नीट रुळतं. कोपऱ्यातून हलतच नाही ते पिल्लू अनुभवी माणसालाच द्यावं. मादी हवी होती आणि असं शांत, धीट पिल्लू नर निघालं तर मी नर घेईन.

शेवटी पिल्लू उलटं करून बघा. मादी म्हणून दिलेला नर घरी आल्यावर कळतो असंही होतं, आणि खरं तर ओळखणं सोपं आहे, नराला बेंबीच्या जरा खाली पोटावर लघवीची जागा दिसते, मादीला फक्त मागच्या पायांमध्ये. नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का हे व्हेटला बघायला सांगा. दोन महिन्यांपर्यंत ते बहुतेक उतरलेले असतात. एक वरच राहिला तर पुढे ऑपरेशनने काढावा लागतो, नाहीतर त्यात गाठ होऊ शकते, आणि तो खर्च कोणी करायचा हे ब्रीडरशी पैसे देण्याआधीच लिहून घ्या.